कोपीच्या जागेवरचं तण आणि २३ हजार वर्षांपूर्वीची माणसं



गेल्या हंगामात ऊसतोड टोळीच्या कोप्या आमच्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात होत्या. चार महिने माणसं, बैलं, चुलीची राख, भांड्यांचं पाणी. टोळी गेली, पाऊस पडला आणि तेवढ्याच जागेत वेगळंच रान उठलं. बाकी पडकात कुसळी आणि हराळी, कोप्यांच्या जागी मात्र तांदुळजा, घोळ, धोत्रा, दोन टोमॅटोची झाडं आणि एक भोपळ्याचा वेल. पेरलं कुणीच नव्हतं. आई म्हणाली, "माणूस राहून गेला की जमीन ओळख ठेवते बाबा."

आईला ठाऊक नाही, पण इस्राएलमध्ये नेमकी हीच गोष्ट जमिनीतून निघालीय.

१९८९ साली पाऊस कमी झाला, गॅलिली सरोवराचं पाणी खाली गेलं आणि नैऋत्य काठावर ओहालो-२ नावाची जागा उघडी पडली. हैफा विद्यापीठाचे दानी नाडेल यांनी तिथं खोदकाम केलं. निघालं काय, तर फांद्या-पाल्याच्या सहा कोप्या! बाहेर चुली, आत झोपायला गवताचं अंथरूण, आणि बी दळायचा दगड. वय सुमारे २३ हजार वर्षं. कोप्या जळाल्या आणि पुढं गाळापाण्याखाली गेल्या, म्हणून करपलेलं बी कुजलं नाही, जसंच्या तसं राहिलं.

ही माणसं शेतकरी नव्हती. मासे धरायची, हरणं मारायची, रानातलं बी-फळ गोळा करायची. त्या भागात गहू-जवाची शेती सुरू व्हायला अजून ११ हजार वर्षं बाकी होती. तरी त्यांच्या कोप्यांत १४० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती सापडल्या, त्यात रानटी जव, रानटी गहू आणि ओटसुद्धा.

आता खरी गंमत ऐका. २०१५ साली या बियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३ जाती अशा निघाल्या की ज्या आज आपण शेतातलं तण म्हणून ओळखतो. त्यातल्या दोन तर पक्क्या पिकात घुसणाऱ्या. एक गॅलियम, बारीक काटेरी देठानं पिकाला धरून वर चढणारं. दुसरं डार्नेल, लहानपणी हुबेहूब गव्हासारखं दिसणारं गवत.

शेती नाही, मग शेतातलं तण आलं कुठून?

तण कुठं उगवतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गच्च गवताच्या कुरणात त्याला जागा मिळत नाही. जमीन उकरली, तुडवली, राख-खरकटं पडून ती खताची झाली की ते हजर. ओहालोची माणसं वर्षाच्या बहुतेक ऋतूंत तिथंच राहत होती. म्हणजे नांगर नसतानाही त्यांनी आपल्या भोवतीची जमीन बदलली होती.

आणखी एक खूण आहे. रानटी जव पिकला की दाणे आपोआप झडतात आणि सुटल्याची जागा गुळगुळीत राहते. न झडणारा दाणा तोडावा लागतो, तिथं जागा खडबडीत होते. रानटी जवात अशी खडबडीत जागा साधारण १० टक्क्यांच्या आसपास दिसते. ओहालोत ती त्याहून बरीच जास्त निघाली. विळ्यासारखी वापरलेली, कापून कापून चकाकी आलेली गारगोटीची पातीही तिथं मिळाली. संशोधकांचं म्हणणं, ही माणसं थोडंफार पेरून बघत असावीत. पण कणीस कच्चं असताना कापलं तरी थोडी अशी खूण येते, म्हणून एवढ्यावरून त्यांना शेतकरी म्हणता येत नाही. जमिनीवर त्यांचा हात फिरला होता, एवढं मात्र पक्कं.

हा हात नुसता कोपीपुरता नसतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या मार्तू बायका आजही थंडीच्या दिवसांत घोरपडीची बिळं दिसावीत म्हणून गवताचे लहान लहान तुकडे पेटवतात. त्यातून जुनं, कोवळं, नुकतं जळालेलं अशी ठिगळांची गोधडी तयार होते आणि मोठा वणवा जळक्या ठिगळाशी येऊन अडतो. १९६९ साली रीस जोन्स या पुरातत्त्वज्ञानं ऑस्ट्रेलियातल्या अशा जाळण्याला 'कोलिताची शेती' अशा अर्थाचं नाव दिलं. विसाव्या शतकात माणसं वाळवंटातून बाहेर गेली, तेव्हा विजेनं लागलेले वणवे फार लांबवर पसरू लागले. ज्याला आपण निव्वळ निसर्ग समजत होतो, त्यात माणसाची राखण होती.

(म्हणून पाचट पेटवा असं मी म्हणत नाही! तिथलं गवत वेगळं, कारण वेगळं. आपलं पाचट सरीतच कुजवायचं.)

आता आपल्याकडं या. ओहालोच्या माणसानं 'निवड करतो' असं म्हणून कणीस कापलं नसेल. पण जो दाणा झडला नाही तो घरी आला, जो झडला तो रानात राहिला. निवड झालीच. आपणही दरवर्षी तेच एक तणनाशक मारतो. बहुतेक तण मरतं, चार झाडं वाचतात आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी उगवतं. मग आपण दुकानदाराला म्हणतो, औषध डुप्लिकेट आलं. कधी आलंही असेल. पण पुष्कळदा ते तण आपणच निवडून वाढवलेलं असतं.

म्हणून यंदा मी दोन गोष्टी ठरवल्यात. फवारणीनंतर वाचलेली झाडं बी धरायच्या आत हातानं उपटायची. आणि एकाच गटाचं औषध सलग वापरायचं नाही, मधी कोळपणी-खुरपणी आणि पिकाची फेरपालट करायची.

कोप्यांच्या जागेवरचा तांदुळजा मात्र तसाच ठेवलाय. आईनं कालच भाजी केली.

तुमच्या रानात जुन्या कोपीच्या, वाड्याच्या नाहीतर मेंढरं बसवलेल्या जागी काय वेगळं उगवतं? बघा आणि खाली लिहा.