आधी क्षेपणास्त्र, मग पदवी

सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करावं का, हा प्रश्न हल्ली पगार आणि व्हिसा यांच्या हिशेबाने सोडवला जातो. तो या विषयाच्या इतिहासालाही विचारून पाहावा, कारण हा विषय आधी प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत रुळला आणि विद्यापीठात मागाहून आला. हे नाव १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रूढ झालं. टेलिफोनच्या जाळ्यात एका ठिकाणी केलेली सुधारणा दुसरीकडे अडचण होऊन बसे, म्हणून सगळ्या जाळ्याचा एकत्र विचार करणारी माणसं लागू लागली. त्यांच्यापैकीच जी. डब्ल्यू. गिलमन यांनी १९५० मध्ये एमआयटीत हा विषय शिकवला.

त्याची खरी कसोटी लागली ती ॲटलस क्षेपणास्त्राच्या वेळी. १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या बर्नार्ड श्रीव्हर यांच्याकडे ते काम आलं. कॉन्व्हेअर या विमान कंपनीला सगळं आपल्याच हाती हवं होतं. पण श्रीव्हर यांनी तांत्रिक सूत्रं रॅमो-वुल्ड्रिज या वर्षभरापूर्वी निघालेल्या कंपनीकडे दिली, आणि या प्रकल्पासाठी तिने स्वतः सामग्री बनवायची नाही अशी अटही घातली. अट शहाणपणाची होती. लवाद करणाऱ्याचा माल त्याच बाजारात असून कसं चालेल? क्षेपणास्त्रावर बसवायचा हायड्रोजन बॉम्ब हलका होणार हे दिसताच आधीच्या आराखड्यातली पाच इंजिनं तीनवर आली आणि नेम किती अचूक हवा याची अटही सैल झाली. असा निर्णय एकट्या इंजिनवाल्याला किंवा एकट्या बॉम्बवाल्याला घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, कुठल्याही शास्त्राची पहिली पिढी पदवीविनाच असते. त्यातून काय सिद्ध होतं? आक्षेप रास्त आहे. पण इथे मुळात कामच निरनिराळ्या तज्ज्ञांमधल्या तडजोडीचं आहे. सायमन रॅमो आणि डीन वुल्ड्रिज दोघेही कॅलटेकचे डॉक्टरेट, क्षेपणास्त्रांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुरलेले. स्वतःचं एक क्षेत्र पक्कं होतं, म्हणून दुसऱ्याला नेमके प्रश्न विचारता आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनुभव एका कंपनीत अडकून राहतो, पदवी तो सर्वांना खुला करते. ॲरिझोना विद्यापीठात १९६१ च्या सुमारास वेन वायमोर या गणितज्ञाने या विषयाचा स्वतंत्र विभाग उभारला, आणि पुढे त्याला गणिती पायाही दिला. हे श्रेय मोठंच. मात्र नुसती पद्धत कुठेही नेऊन लावता येत नाही, हे कॅलिफोर्नियात दिसलं. गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या काळात, १९६५ च्या आसपास, कचरा, गुन्हेगारी, वाहतूक आणि सरकारी माहिती यांचा अभ्यास विमान-अवकाश कंपन्यांकडे सोपवला गेला. समाजशास्त्रज्ञ आयडा हूस यांनी १९७२ च्या पुस्तकात या साऱ्या वृत्तीची चिरफाड केली. ज्यांना आकृत्या उत्तम काढता येत होत्या, त्यांना कचरा किंवा गुन्हेगारी हा विषयच ठाऊक नव्हता.

तेव्हा बीई झाल्याझाल्या या पदवीकडे धावू नये. आधी रेल्वे सिग्नल, विमानाचा सुटा भाग, रुग्णालयातलं यंत्र, काहीही असो, त्यात काही वर्षं घालवावीत. मग अर्ज करताना अभ्यासक्रमात खऱ्या कंपनीचा प्रकल्प आहे की नुसत्या आकृत्या, एवढं जरूर विचारून घ्या.