शहात्तर ठोक्यांचे आकाश

मात्रा मोजून लिहिणाऱ्या माणसाला काटकसरीचे वेड लवकर कळते. अटारी २६०० या व्हिडिओ गेमच्या यंत्राकडे माझे लक्ष गेले ते त्यामुळेच. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या या यंत्राची स्मृती अवघी १२८ बाइटची. हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावायचा नाही! चित्र साठवायला जागाच नाही. मग टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक रेघ ओढत असतानाच प्रोग्रामने तिचा मजकूर पुरवायचा. एका रेघेसाठी प्रोसेसरचे ठोके मिळतात ७६. तेवढ्यात भागले नाही, तर चित्र बिघडलेच म्हणून समजा.

शत्रूंच्या फौजेवर गोळ्या झाडण्याचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा खेळ मूळचा जपानी. तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली केला. शत्रू मरत जातात, तसे उरलेले वेगाने चाल करून येतात. ही खरे तर यंत्राची मजबुरी होती. आकृत्या कमी झाल्या की काम भराभर उरकायचे. निशिकादोंनी ती खोड तशीच राहू दिली आणि खेळाला धार आली. १९८० साली तो अटारीवर उतरला. मूळ खेळात एका ओळीत अकरा शत्रू. इथे यंत्राकडे खेळाडूंच्या आकृत्या दोनच. पण प्रत्येकीच्या तीन प्रती काढता येत. तेव्हा ओळीत सहा शत्रू, आणि तशा सहा ओळी. भागले.

१९९२ साली उत्पादन थांबले, तरी हौशी मंडळी थांबली नाहीत. १९९७ साली पिएरो काविना या इटालियन गृहस्थाने ‘ऑइस्ट्रॉन’ लिहिला. शिंपल्यांवर गोळ्या झाडा, मोती वेचा. बंद पडलेल्या यंत्रासाठी एवढा खटाटोप! कवितासंग्रह काढणाऱ्याने यावर हसू नये.

पुढे वाद निघाला. २०१२ साली डॅरेल स्पाइस यांच्या ‘स्पेस रॉक्स’मध्ये पडद्यावर दगडांची गर्दी दिसली, कारण कार्ट्रिजमध्येच वेगवान एआरएम प्रोसेसर बसवलेला. मग हा जुन्या यंत्राचा खेळ म्हणायचा का? माझा कल सनातन्यांकडे. वृत्त सांभाळायला दुसरा माणूस नेमून गझल लिहिण्यात कसली मौज? पण डेव्हिड क्रेन यांनी १९८४ सालीच ‘पिटफॉल २’च्या कार्ट्रिजमध्ये जादा चिप घातली होती, हेही विसरून चालत नाही. शिवाय हिशेब नव्या प्रोसेसरने केला, तरी रेघ जुन्यालाच पुरवावी लागते, त्याच ७६ ठोक्यांत.