मैदानात मेरिट, पण फाटकावर कोण?

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "खेळात कुठे आरक्षण असते? ऑलिम्पिकमध्ये जो जोरात धावतो तोच जिंकतो." युवा शिबिरांत हा प्रश्न मलाही अनेकदा विचारला गेला आहे. मित्रांनो, उत्तर देण्याआधी ऑलिम्पिकचाच इतिहास तपासू.

परंपरेनुसार इ.स.पू. 776 पासून ग्रीसमधील ऑलिंपिया येथे झ्यूस देवाच्या उत्सवात दर चार वर्षांनी स्पर्धा भरत. दूरदूरच्या नगरराज्यांतून स्पर्धक येत. पण येणारे कोण? स्वतंत्र ग्रीक पुरुष. गुलाम, स्त्रिया आणि ग्रीकेतर यांना मैदानात उतरता येत नसे. मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर धावायला आला, तेव्हा ही स्पर्धा परक्यांसाठी नाही म्हणून त्याला अडवले गेले. आपला वंश ग्रीक आहे हे सिद्ध केल्यावरच त्याला उतरू दिले, असे हेरोडोटस सांगतो. म्हणजे आधी जन्म तपासायचा, वेग नंतर.

दुसरे फाटक पैशाचे. स्पर्धकाला दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. रोज राबून खाणाऱ्याने हे दहा महिने आणायचे कुठून? रथशर्यतीत तर विजेता ठरे तो घोड्यांचा मालक, सारथी नव्हे. म्हणून इ.स.पू. 396 मध्ये स्पार्टाची राजकन्या किनिस्का विजेती ठरली. ती स्त्री असूनही जिंकली, कारण घोडे तिच्या मालकीचे होते.

1896 साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले. त्यात एकही स्त्री नव्हती. शिवाय 'हौशी' खेळाडूचा नियम आला : खेळातून पैसा घेतलेला चालणार नाही. हा विचार इंग्लंडच्या उच्चवर्गाचा. तिथल्या रोइंग संघटनेने 1882 मध्ये कारागीर आणि मजुरांना 'हौशी' मानायलाच नकार दिला होता. दाखला दिला जाई प्राचीन ग्रीकांचा. पण अथेन्स आपल्या ऑलिम्पिक विजेत्याला 500 द्राख्मा देत असे, असे प्लुटार्क लिहितो!

या नियमाचा बळी ठरला अमेरिकेचा आदिवासी खेळाडू जिम थॉर्प. 1912 मध्ये त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळला म्हणून 1913 मध्ये ती काढून घेतली. 1953 मध्ये तो वारला. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते 2022 मध्ये.

मग फाटके उघडली कशी? कुणाच्या दयेने नव्हे. अ‍ॅथलेटिक्समध्ये स्त्रियांना घेत नव्हते, तेव्हा फ्रान्सच्या अ‍ॅलिस मिलिया यांनी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली आणि 1922 मध्ये पॅरिसला स्वतंत्र स्पर्धा भरवली. त्या दबावामुळे 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी अ‍ॅथलेटिक्सचे पाच प्रकार आले. कामगार संघटनांनीही 1925 मध्ये फ्रँकफर्टला आपले ऑलिम्पियाड घेतले.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'खेळातले मेरिट' सांगितले, तर चिडू नका. एवढेच विचारा : शर्यत कोण जिंकले हे कळले, पण सुरुवातीच्या रेषेपर्यंत कुणाला येऊ दिले नव्हते? प्रतिनिधित्वाचा लढा त्या रेषेपर्यंत पोहोचण्याचा आहे. धावायला आपण कधीच घाबरलो नाही.

जय भीम!