एका जीवनरक्षक नौकेचा जीर्णोद्धार

पडक्या देवालयाचा जीर्णोद्धार करणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलें आहे. गाभाऱ्याचे झिजलेले दगड काढून नवे बसविले, कळस नवा चढविला, तरी देऊळ तेंच राहतें. कारण त्याचें देवपण दगडांत नसून तेथें पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या उपासनेंत आहे, अशी आपली समजूत असते. हाच न्याय एखाद्या लांकडी नौकेस लावतां येईल काय? इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका जुन्या नौकेची हकीकत हा प्रश्न उपस्थित करिते. म्हणून ती आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

या नौकेचें नांव 'जेम्स स्टीव्हन्स क्रमांक १४'. वादळांत सांपडलेल्या गलबतांवरील माणसें वांचविण्यासाठीं 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था १८२४ सालीं स्थापन झाली. तिचें कार्य लोकांच्या देणग्यांवर आणि दर्यावर्दी स्वयंसेवकांच्या धैर्यावर चालत आलें आहे. बर्मिंगहॅमच्या जेम्स स्टीव्हन्स नांवाच्या गृहस्थानें मृत्युपत्रान्वयें या संस्थेस ५०,००० पौंड ठेविले. त्यांतून वीस नौका झाल्या. सर्वांस नांव दात्याचेंच. फरक काय तो क्रमांकाचा. त्यांपैकीं चौथी, वाफेच्या बळावर चालणारी, १९०० च्या एप्रिलांत पॅडस्टो बंदराबाहेर उलटली आणि तिजवरील अकरांपैकीं आठ खलाशी बुडाले. दुसऱ्यांचे प्राण वांचविण्याचें व्रत किती महाग पडतें, हें यावरून दिसेल.

चौदावी नौका त्याच वर्षीं लंडनच्या 'थेम्स आयर्नवर्क्स' या कारखान्यांत तयार झाली. ज्या कारखान्यानें १८६० सालीं 'वॉरियर' ही लोखंडी युद्धनौका पाण्यांत लोटली, त्यानेंच ही लांकडी होडी घडवावी यांत नवल नाहीं. जीवनरक्षक नौकेस त्या काळीं लांकूडच मानवत असे. तिची लांबी ४३ फूट. बांधणी रुंद व जड, नॉरफोक-सफोक पद्धतीची. उलटल्यास आपोआप सुलट होण्याचा गुण या जातींत नव्हता. तरीहि किनाऱ्यापासून दूर, वाळूच्या उथळ पट्ट्यांपर्यंत शिडावर जाण्यास ती खात्रीची, म्हणून त्या भागांतील खलाशी तिलाच पसंत करीत. एसेक्स परगण्यांतील वॉल्टन-ऑन-द-नेझ येथें तिची नेमणूक झाली, व १९०६ सालीं तिला पेट्रोलचें यंत्र बसविण्यांत आलें.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ च्या डिसेंबरच्या २९ तारखेस, 'पेरेग्रिन' नांवाची आगबोट थेम्सच्या मुखाबाहेरील 'लाँग सँड' या वाळूच्या पट्ट्यावर रुतली. विल्यम हॅमंड हा वॉल्टनच्या नौकेचा तांडेल. त्यानें व त्याच्या साथीदारांनीं त्या आगबोटीवरील ९२ माणसें, उतारू व खलाशी मिळून, सुखरूप काढलीं. हॅमंडला संस्थेचें रौप्यपदक मिळालें. १९२८ सालीं नौका निवृत्त झाली, तेव्हां तिच्या नांवावर २२७ प्राण जमा होते.

यापुढील हकीकत मात्र कोणत्याहि पदकाच्या यादींत सांपडत नाहीं. नौका विकली गेली, आणि ब्लॅकवॉटर खाडीवरील मॉल्डन येथें तिचें राहतें घर झालें. जिनें तुफानांत उडी घ्यावयाची, तिच्यावर आतां चुली पेटूं लागल्या. ही अवनति म्हणून कोणी हळहळेल. पण अशा नौकेचें एरवीं काय होतें? पावसाचें गोडें पाणी सांध्यांत मुरतें व लांकूड कुजवितें. उन्हांत फळ्या आकसून भेगा पडतात. शेवटीं ती सरपण होते. ज्या घरांत माणूस राहतो, त्याचें गळतें छप्पर तो स्वतःच्या गरजेनें दुरुस्त करितो. अठ्ठावीस वर्षें नौकेनें माणसांस जगविलें. पुढें सुमारें सत्तर वर्षें, नांवहि न उरलेल्या माणसांनीं नौकेस जगविलें.

१९९८ सालीं 'फ्रिंटन अँड वॉल्टन हेरिटेज ट्रस्ट' या मंडळानें तिला परत आणण्याचें मनावर घेतलें. पुढें तिची दुरुस्ती होऊन ती पुन्हां समुद्रावर चालूं लागली. यंत्राच्या जीवनरक्षक नौकांपैकीं आज उरलेल्यांत तीच सर्वांत जुनी समजली जाते.

येथेंच तो प्रश्न उभा राहतो. कुजलेली फळी काढावी, तर जिनें ती रात्र पाहिली ती वस्तु जाते. न काढावी, तर नौका बुडते. तसेंच घराच्या खोल्या काढल्याखेरीज होडी मोकळी होत नाहीं, आणि त्या काढल्या कीं सत्तर वर्षांचा इतिहास पुसला जातो. आमच्या मतें नौकेस नौका करणें हेंच योग्य. पाण्यावर चालणें हीच तिची उपासना. ती बंद पडली तर जुनें लांकूड जपूनहि उपयोग नाहीं. परंतु काढलेल्या प्रत्येक फळीची व मोडलेल्या प्रत्येक खोलीची नोंद राहिली पाहिजे. उद्धारकर्त्यांनीं आपल्या आधीं दिवा लावणाऱ्यांचें ऋण विसरूं नये.

आपल्याकडेहि कित्येक जुने वाडे ऐतिहासिक म्हणून नव्हे, तर कोणी गरीब बिऱ्हाडकरू त्यांत राहिला म्हणून उभे आहेत. त्यांवर संगमरवरी पाटी बसवितांना एक ओळ त्या बिऱ्हाडकरूसाठींहि असावी, एवढेंच या नौकेच्या कथेवरून आम्हांस सुचवावेंसें वाटतें.