चालत्या यंत्राची रोजनिशी

आपल्या मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत उभे राहिले, की पुढचा आणि मागचा असे दोघेही बहुधा संगणकाच्या धंद्यातले निघतात. तरीही आपण दिवसभर नेमके काय करतो हे घरच्यांना सांगायची वेळ आली की आपण अडखळतो. म्हणून आज आमच्या धंद्यातली एक अगदी लहान गोष्ट घेऊन तिचा इतिहास सांगण्याचा विचार आहे.

घरातले इंटरनेट बंद पडले की आपण सगळे एकच औषध करतो. डबा बंद करायचा, दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा चालू करायचा. बहुतेक वेळा गुण येतो. पण दुखणे काय होते ते कधीच कळत नाही, कारण ज्या स्मृतीत त्याची खूण होती ती आपणच पुसून टाकलेली असते. घरी याने फारसे बिघडत नाही. परंतु रुग्णालयाची, बँकेची किंवा विमानतळाची यंत्रणा अशी बंद-चालू करता येत नाही; आणि केली तरी चार दिवसांनी तेच दुखणे परत येते. अशा वेळी यंत्रणा न थांबवता तिला "जरा सविस्तर सांग" असे म्हणता आले पाहिजे. ही सोय आज आम्ही गृहीत धरतो. ती कशी आली आणि तिने काय काय घोळ घातले, ते पाहण्यासारखे आहे.

संगणकाच्या नोंदवहीला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेली फळी समुद्रात टाकीत. दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ मारलेली असे. वाळूच्या घड्याळाने २८ सेकंद होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकतील तितका वेग. जहाजाचा वेग आजही 'गाठीं'त सांगतात तो यामुळे. हा आकडा ज्या वहीत टिपत ती लॉगबुक. आपल्याकडे याला रोजनिशी म्हणता येईल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दींची रुमालेच्या रुमाले आहेत. कारकुनाने त्या दिवशी जे लिहिले तेवढे आज आपल्या हाती उरले आहे. त्याला जे क्षुल्लक वाटले ते कायमचे गेले. नोंद ठेवणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न असतो की किती लिहायचे?

संगणकाच्या रोजनिशीतले सर्वांत प्रसिद्ध पान ९ सप्टेंबर १९४७चे आहे. 'हार्वर्ड मार्क दोन' या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने वहीत डकवून, खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशी गमतीची नोंद तंत्रज्ञांनी केली. बिघाडाला 'किडा' म्हणण्याची इंजिनियर लोकांची रीत त्याआधीच रूढ होती. एडिसनही तो शब्द वापरीत असे. विनोद होता तो त्यामुळेच. ते पान पतंगासकट स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे आहे. ती वही मात्र हाताने लिहिलेली होती. माणूस लिहितो तेव्हा काय लिहिण्याजोगे आहे हे तो त्या क्षणी ठरवतो. पुढे यंत्र स्वतःच लिहू लागले, तेव्हा हा निर्णय आधीच, म्हणजे आज्ञावली लिहितानाच, करणे भाग पडले. आणि आधी केलेला निर्णय हमखास चुकतो. एरवी नको असलेला तपशील संकटाच्या रात्री हवा असतो.

यावर पहिला व्यवस्थित तोडगा कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात निघाला. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'सेंडमेल' नावाची टपाल पोचवणारी आज्ञावली लिहिली आणि तिच्याच नोंदी ठेवण्यासाठी 'सिसलॉग' तयार केले. प्रत्येक नोंदीला त्यात एक पातळी असते. शून्य म्हणजे आणीबाणी. मग तातडीची हाक, गंभीर प्रसंग, चूक, इशारा, दखल, माहिती. आणि शेवटी सात, म्हणजे 'डीबग', अगदी बारीकसारीक तपशील. कोणत्या पातळीपर्यंतच्या नोंदी ठेवायच्या हे यंत्रणा सांभाळणाऱ्याने एका फाइलीत लिहायचे. लिहिणारा आणि निवडणारा असे दोघे वेगळे झाले, हे यातले खरे पाऊल. बाकीच्या आज्ञावल्यांनीही सिसलॉग उचलले. आठ पातळ्यांची ही पद्धत वर्षानुवर्षे नुसत्या रिवाजाने चालली. इंटरनेटच्या दस्तऐवजांत तिचे वर्णन आले ते ऑगस्ट २००१मध्ये आणि रीतसर मानक झाले ते मार्च २००९मध्ये. लिनक्सच्या गाभ्यातही शून्य ते सात अशाच पातळ्या आहेत.

आता फाइल बदलली तरी चालू असलेल्या आज्ञावलीला ते कळणार कसे? इथे युनिक्सच्या मंडळींनी जुन्याच सामानातून काम भागवले. त्या काळी लोक टेलिफोनच्या तारेवरून संगणकाला जोडले जात. तार तुटली की त्या माणसाच्या आज्ञावल्यांना 'हँगअप', म्हणजे फोन ठेवला गेला, असा इशारा जाई. पडद्यामागे अखंड चालणाऱ्या आज्ञावल्यांना मात्र फोनही नसतो आणि समोर माणूसही नसतो. त्यांच्या दृष्टीने हा इशारा रिकामाच होता. म्हणून त्याला नवा अर्थ देण्यात आला: "तुझी फाइल पुन्हा वाच." सिसलॉगला हा इशारा दिला की ते न थांबता नव्या पातळीने लिहू लागे.

बर्कलीतच विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या 'बाइंड' या आज्ञावलीत, म्हणजे इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेत, याची आणखी सुटसुटीत तऱ्हा होती. एक इशारा दिला की तपशिलाची पातळी एका पायरीने चढे. पुन्हा दिला की आणखी एक पायरी. दुसरा एक इशारा दिला की सगळा तपशील एकदम बंद. चढायचे पायरी पायरीने आणि उतरायचे थेट तळाला! ज्याने हे योजले त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक असावा. बिघाड शोधताना आपण सावकाश वर चढतो. तो सापडल्यावर एकेक पायरी उतरण्याइतका धीर कोणाला असतो?

बंद करायचे विसरले तर काय होते, याचा धडा २ नोव्हेंबर १९८८च्या रात्री मिळाला. सेंडमेलमध्ये चाचणीसाठी एक 'डीबग' आज्ञा होती. ती दिली की टपाल माणसाच्या पत्त्याऐवजी थेट एखाद्या आज्ञावलीच्या हाती देता येई. ही गोष्ट नोंदींच्या पातळीहून निराळी असली तरी कूळ एकच: चालत्या यंत्रणेच्या पोटात डोकावण्याची खिडकी. सेंडमेल नीट बसवणे किचकट असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही खिडकी उघडीच राहिली होती. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला 'वर्म' ज्या वाटांनी शिरला त्यांतली ही एक. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० यंत्रे त्याच्या तडाख्यात सापडली आणि इंटरनेटवर तेव्हा एकूण ६०,००० यंत्रेच होती असे मानतात.

म्हणजे या सोयी काढूनच टाकाव्यात का? याचे उलट उत्तर १९९७ साली मंगळावरून आले. पाथफाइंडर यान ४ जुलैला तिथे उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप बंद होऊन नव्याने चालू होऊ लागला. तसे झाले की त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ग्लेन रीव्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यानाच्या जमिनीवरील प्रतिकृतीत सविस्तर नोंदी चालू केल्या आणि तोच बिघाड पुन्हा घडेपर्यंत ती चालवली. नोंदींत कारण स्पष्ट दिसले. हवामानाच्या निरीक्षणाचे कमी महत्त्वाचे काम एक सामाईक साधन धरून बसे. मधल्या महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या साधनासाठी ताटकळत राही. वेळेत काम झाले नाही असे दिसताच संगणक स्वतःला नव्याने चालू करी. उपाय म्हणून एक सेटिंग बदलायचे होते. तो बदल पृथ्वीवरून पाठवला आणि दुखणे थांबले.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की तपासणीची ही साधने यानावरच्या आज्ञावलीतही मुद्दाम ठेवलेली होती. जे तपासले तेच उडवायचे, हा तिथला दंडक. मंगळावर ती वापरीत नसत, कारण त्यांतली काही इतकी माहिती ओकत की ती पृथ्वीवर पाठवणेच अशक्य होते. साधन ठेवणे आणि ते सदैव चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या पिढीच्या हाती ही सोय आली ती 'लॉगफोरजे'मधून. जेकी गुल्जू यांनी १९९६ साली युरोपातल्या एका प्रकल्पासाठी सुरू केलेल्या कामातून जावा भाषेसाठी ही आज्ञावली निघाली आणि पुढे ती अपाची संस्थेकडे गेली. तिने पातळ्यांना वंशवृक्ष जोडला. घराण्याला लावलेली पातळी मुलानातवंडांना आपोआप लागू होते. पण एखाद्या नातवाला वेगळी लावता येते. त्यामुळे सगळ्या यंत्रणेला बोलके न करता एका संशयित भागालाच बोलते करता येऊ लागले. शिवाय पातळ्यांच्या फाइलीवर नजर ठेवायला सांगितले, की दर ६० सेकंदांनी ती बदलली आहे का हे पाहिले जाई.

या साठ सेकंदांची माझी एक आठवण आहे. मी नोकरीत नवा असताना आमच्याकडे औषधांच्या दुकानांच्या मागण्या गोळा करणारी यंत्रणा होती. दर आठवडा-दहा दिवसांनी ती रात्री मंदावत जाऊन गप्प होई. प्रत्येक वेळी आम्ही ती बंद-चालू करीत असू, सकाळी सर्व ठीक दिसे आणि कारण पुसले जाई. चौथ्या वेळी मी वरिष्ठांकडे वीस मिनिटे मागून घेतली. डेटाबेसशी बोलणाऱ्या एका भागाची पातळी चढवली आणि घड्याळाकडे पाहत बसलो. मिनिटभरात नोंदींचा लोंढा सुरू झाला आणि अर्ध्या तासाच्या आत चूक डोळ्यांसमोर होती. एका विशिष्ट अपयशानंतर घेतलेली जोडणी परतच केली जात नव्हती. आठवडाभरात सगळ्या जोडण्या अशा गळून जात. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा संपल्यावर झाला नव्हता इतका आनंद मला त्या रात्री झाला. मी तात्पुरता उपाय केला आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी सहाला फोन आला. यंत्रणा पुन्हा बंद. या वेळी बिघाड नव्हता. पातळी उतरवायचे मी विसरलो होतो आणि रात्रभर लिहिलेल्या नोंदींनी डिस्क तुडुंब भरली होती. मागण्या लिहायला जागाच उरली नव्हती. एरवी मंदावली तरी कशीबशी चालणारी यंत्रणा माझ्या रोजनिशीने पुरती बंद पाडली होती.

जागा भरणे हे तरी लगेच दिसते. नोंदींत काय उतरते, हे अनेकदा कोणी पाहतच नाही. मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींवर सभासदांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण एका चुकीमुळे ते कंपनीच्या अंतर्गत नोंदींत उघडे लिहिले जात होते. आणि डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजेच्याच दुसऱ्या पिढीत असे छिद्र उघड झाले, की विशिष्ट प्रकारचा मजकूर नोंदीत लिहिला गेला तर परक्याची आज्ञावली यंत्रात शिरू शके. ज्या सोयीमुळे हे घडले ती २०१३ साली, कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून, घातलेली होती. धोक्याच्या दहा गुणांच्या मोजपट्टीवर या छिद्राला पैकीच्या पैकी दहा मिळाले. ख्रिसमसच्या सुट्टीआधीचे ते आठवडे आपल्या घरांतल्या कित्येकांनी कचेरीच्या कामात घालवले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. १९८८ आणि २०२१मध्ये तेहेतीस वर्षांचे अंतर आहे; पण यंत्र सांभाळण्यासाठी केलेली सोयच चोराला दार झाली, ही गोष्ट दोन्ही वेळी तीच.

त्या सकाळपासून मी एक नियम पाळतो आणि माझ्या हाताखालच्या मुलामुलींनाही पाळायला लावतो. पातळी चढवायची असेल तर कोणी, कोणत्या भागाची आणि किती वाजेपर्यंत हे आधी लिहायचे. ती वेळ झाली की पातळी आपोआप उतरली पाहिजे. माणसाच्या आठवणीवर ते सोडायचे नाही. नवी मुले याला हसतात. मीही त्यांच्या वयात हसलो असतो. पण रात्री फोन आला आणि पलीकडून कोणी "बंद करून चालू करू का?" असे विचारले, की मी अजूनही वीस मिनिटे मागून घेतो, आणि पातळी उतरली की नाही हे पाहिल्याखेरीज दिवा मालवत नाही.