मामाचं मेमरी कार्ड आणि ६७ हजार कोटींचं थ्रीजी

ऐकता ऐकता एकदा फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघा. बऱ्याच जणांना तिथे फाइव्ह जी दिसत असेल, काहींना फोर जी. थ्रीजी कुणालाच दिसणार नाही, असं मी जवळपास पैज लावून सांगतो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत याच दोन अक्षरांसाठी कंपन्यांनी घरदार गहाण टाकल्यासारखे पैसे ओतले होते. आजची गोष्ट त्याची.

२०११ ची दिवाळीची सुट्टी. मी कोल्हापुरात मामाकडे. मामाचं स्टँडजवळ मोबाइल रिचार्जचं दुकान होतं, पण गर्दी रिचार्जला कमी आणि गाणी भरून घ्यायला जास्त. लोक मेमरी कार्ड काढून द्यायचे, मामा ते कॉम्प्युटरला लावायचा आणि २० रुपयांत अख्खं कार्ड भरून द्यायचा. लावण्या, भक्तिगीतं, हिंदी, सगळं. काउंटरच्या मागे भिंतीवर थ्रीजीचं चकचकीत पोस्टर होतं. त्यावर एक मुलगी फोनमधल्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलतेय.

मी पोस्टर बघून हुरळलो. पॅक न मारता थ्रीजी सुरू केलं आणि एक व्हिडिओ लावला. तीन-चार मिनिटांत बॅलन्सचे १२८ रुपये साफ. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच चाललं होतं. १० केबीला १० पैसे हा दर सर्रास होता. दिसायला किती गरीब आकडा! पण हिशोब करा, १ एमबीला जवळपास १० रुपये होतात. म्हणजे ४ एमबीचं एक गाणं ४० रुपयांना, आणि मामाकडे शंभर गाणी २० रुपयांना. मामा हसून म्हणाला, "लेका, ज्यांनी एवढे पैसे घातलेत ते कुणाकडनं तरी काढणारच की."

एवढे म्हणजे किती, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं.

थोडं मागे जाऊ. एप्रिल २००० मध्ये ब्रिटनने थ्रीजी परवान्यांचा लिलाव केला. पाच परवाने, आणि जमले २२ अब्ज पौंडांहून जास्त. त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीत सहा परवान्यांचे सुमारे ५० अब्ज युरो. तेव्हा दुकानात थ्रीजी फोन मिळतसुद्धा नव्हता! जपानच्या डोकोमोने जगातली पहिली व्यावसायिक थ्रीजी सेवा सुरू केली ती १ ऑक्टोबर २००१ ला. ब्रिटनमध्ये पहिली सेवा यायला २००३ उजाडलं. जर्मनीतल्या सहापैकी दोन परवानाधारकांनी तर काही वर्षांत थ्रीजीचा नाद सोडून दिला.

हे सगळं आपल्या कंपन्यांना माहीत होतं. दहा वर्षांचा ताजा धडा समोर होता. तरी २०१० मध्ये काय झालं बघा.

९ एप्रिलला लिलाव सुरू झाला. अख्ख्या देशाच्या एका परवान्याची राखीव किंमत होती ३,५०० कोटी. ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालल्यावर, १९ मे रोजी तीच किंमत १६,७५० कोटींवर थांबली. एकूण साधारण ६७,७०० कोटी. सरकारने बजेटमध्ये धरले होते ३५,००० कोटी. आणि गंमत अशी, की एकाही खासगी कंपनीला सगळा देश मिळाला नाही. एअरटेलला २२ पैकी १३ सर्कल, व्होडाफोनला ९. मुंबई वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. मुंबईत एअरटेल जिंकली, आपल्याकडे कोल्हापुरात नाही. इथे टाटा, आयडिया आणि व्होडाफोन.

मग एवढी बोली लावली कशाला? हाव हे सोपं उत्तर आहे. मला ते पटत नाही. मला वाटतं, ती भीती होती.

२००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आला आणि बोलण्याच्या धंद्यातला नफा कोसळला. त्यात मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी येऊ घातली होती. ती जानेवारी २०११ मध्ये देशभर लागू झाली. म्हणजे महिन्याला हजार रुपये बिल भरणारा गिऱ्हाईक नंबर तोच ठेवून शेजारच्या कंपनीत जाऊ शकणार. त्याच्यापाशी थ्रीजी आणि माझ्यापाशी नाही, तर? बहुतेक सर्कलमध्ये फक्त तीन तुकडे खासगी कंपन्यांसाठी होते. लग्नाच्या पंगतीत पानं कमी आणि पाहुणे जास्त असले की जे होतं, तेच झालं.

सरकारी कंपन्यांची तर कथाच न्यारी. एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्येच दिल्लीत थ्रीजी सुरू केलं होतं, बीएसएनएलने फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत. त्यांना बोली लावायची नव्हती, पण लिलावात जी किंमत निघेल ती भरायची होती. दोघींनी मिळून साडेसोळा हजार कोटींच्या वर भरले. दुसऱ्यांच्या भांडणात ठरलेला भाव!

पैसे दहा दिवसांत भरायचे होते. कर्ज काढून भरले. मग टॉवरला पैसे कुठून आणायचे? २१०० मेगाहर्ट्झची लहर कमी अंतर जाते, भिंतीत अडकते, म्हणजे टॉवर जास्त हवेत. कंपन्यांनी हात आखडता घेतला. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने एकमेकांच्या सर्कलमध्ये थ्रीजी वाटून घ्यायचा करार केला. डिसेंबर २०११ मध्ये दूरसंचार विभागाने ते बंद करायला सांगितलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१४ पर्यंत लोंबकळलं. जाहिरातीत मात्र सुपर झूझू उडत होता.

दर कधी उतरले? मे-जून २०१२ मध्ये. १० केबीचे १० पैसे होते ते ३ पैशांवर आले. कुणालाच फारसं हवं नाही हे कळायला दीड वर्ष गेलं. हवं नव्हतं असं तरी कसं म्हणू? मामाच्या दुकानातली रांग काय सांगत होती? लोकांना गाणी, व्हिडिओ सगळं हवंच होतं. त्या दरात नको होतं.

आणि आता दुसरी बाजू, जी मला जास्त आवडते. थ्रीजीचा लिलाव संपल्यावर लगेच, ११ जून २०१० ला, ब्रॉडबँड लहरींचा दुसरा लिलाव संपला. त्यात इन्फोटेल नावाच्या फारशा कुणी न ऐकलेल्या कंपनीने सगळी २२ सर्कल १२,८४८ कोटींना घेतली. त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचा ९५ टक्के हिस्सा ४,८०० कोटींना विकत घेतला. आणि मग? सहा वर्षं बाजारात सेवा नाही. एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात फोर जी आणलं, पण डोंगलवर. त्या लहरींवर चालणारे फोनच हाताशी नव्हते. ज्यांनी थांबायचं ठरवलं ते ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ म्हणून उतरले. पुढचं तुम्हाला पाठ आहे. पण थांबायला खिशात दुसऱ्या धंद्याचा पैसा लागतो, हेही तेवढंच खरं. एअरसेलकडे तो नव्हता. तिने १३ सर्कलमध्ये थ्रीजी घेतलं होतं आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

थ्रीजीच्या लहरी २० वर्षांसाठी दिल्या होत्या, म्हणजे २०३० पर्यंत. एअरटेलने २०१९-२० मध्येच देशभरातलं थ्रीजी बंद केलं आणि त्या लहरी फोर जीला लावल्या.

१ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह जी आलं, तेव्हा गंमत बघा, जास्तीचे पैसे कुणी मागितलेच नाहीत. लिलावात दीड लाख कोटी मोजूनही. २०११ चं पोस्टर कुणीतरी लक्षात ठेवलं असावं. जुलै २०२४ मध्ये मात्र रिचार्ज महागले आणि अमर्याद फाइव्ह जी रोज २ जीबीच्या आणि त्यावरच्या पॅकपुरतं उरलं. त्या आठवड्यात मी मामाला फोन केला. त्याचं दुकान अजून आहे, आता कव्हर आणि काच बदलून देतो. म्हटलं, "मामा, आता काय म्हणतोस?"

म्हणाला, "ते राहू दे. तुझं जुनं कार्ड सापडलंय ड्रॉवरमध्ये. गाणी अजून वाजत्यात."