चाक हलकं झालं, ओझं वाढलं

‘चाकोरीबाहेरचं काहीतरी करायचंय’ असं आपण सहज म्हणतो. पण चाकोरी म्हणजे मुळात काय? बैलगाडीच्या चाकांनी मातीच्या रस्त्यात पाडलेली खोल घळ. एकदा चाक तिच्यात उतरलं की बैल कितीही जोरकस असोत, गाडी त्या घळीतूनच जायची. म्हणजे गाडीला कोणतं चाक लावायचं, यावर रस्ताही ठरायचा आणि बैलांचे हालही.

गळीत हंगामात श्रीगोंद्याच्या रस्त्यावर उसाने भरलेली टायरगाडी दिसली, तर क्षणभर तिच्या चाकाकडे बघा. त्या चाकामागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये बराचसा माल बैलांच्या पाठीवरूनच जायचा. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ वाहून न्यायचे. गाड्या होत्या, पण अवजड. काहींची चाकं तर चक्क दगडाची आणि भरीव असायची, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, पण त्या रस्त्यावर चालेल अशी गाडी शेतकऱ्याकडे कुठे होती?

ती तयार झाली श्रीगोंद्याच्या दक्षिणेला, भीमेच्या खोऱ्यात. १८३५-३६च्या सुमाराला इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट जमिनीची मोजणी करत होते. त्याच काळात लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूरकडच्या टेंभुर्णीत सुधारलेल्या, हलक्या गाड्या बनवून घेतल्या. भरीव चाकाच्या जागी आऱ्यांचं चाक आलं. यात सरकारचा हेतू साधा होता: माल बाजारात पोचला तर सारा वसूल होईल.

पण आऱ्यांचं चाक टिकवलं ते गावच्या सुताराने आणि लोहाराने. मधोमध तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती पुठ्ठे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लोहार धाव भट्टीत लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि लगेच पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की लाकूड घट्ट बसायचं. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली, तर चाकं ओढ्यात भिजत ठेवायची. आखाला वंगण लागायचं, म्हणून वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असायचा. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तिथूनच आली.

या चाकाचा दोष एकच, पण मोठा. धाव अरुंद, त्यामुळे सगळं वजन चार बोटांच्या पट्टीवर. डांबरी रस्ता उखडायचा, मऊ मातीत चाक रुतायचं आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका जुवातून बैलाच्या मानेला बसायचा.

यावर उपाय निघाला तो बेलफास्टमध्ये. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता. १९३६ साली त्याच्या नावाच्या कंपनीने बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला. पुढे जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठीही खास टायर निघाले. देशात अनेक ठिकाणी टायरच्या बैलगाडीला लोक ‘डनलॉप’च म्हणू लागले.

जुन्या इम्पालाला रिम निवडणारा शौकीन आधी रूप बघतो. बैलगाडीवाल्याचे प्रश्न वेगळे असतात. माती कोणती, ओझं किती, पैसे कुणाचे? टायर आणि बेअरिंगमुळे गाडी हलकी पळते, पण बाभळीच्या काट्याने पंक्चर होते. चाकासाठी ज्या बाभळीचं लाकूड लागायचं, तिचाच काटा आता वैरी झाला. उतारावर ब्रेक नसेल तर भरलेली गाडी बैलांच्या मानेवरच येते. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडी सुधारण्यावर मोठा अभ्यास केला. जनावराचे हाल कमी व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता.

प्रत्यक्षात काय झालं? घोड आणि कुकडीच्या पाण्यावर श्रीगोंद्यात ऊस वाढला, कारखाने उभे राहिले आणि बीड-पाथर्डीकडून ऊसतोड मजूर येऊ लागले. साखरपट्ट्यात त्यांची वर्गवारीच चाकावरून झाली. मजुराची स्वतःची लाकडी चाकाची गाडी असेल तर ‘गाडी सेंटर’. गाडी कारखान्याची, टायरची, आणि बैल तेवढे मजुराचे असतील तर ‘टायर सेंटर’. लाकडी गाडीत साधारण टन-दीड टन ऊस मावायचा, तर टायरगाडीत दोन-तीन टन.

म्हणजे चाकाने वाचवलेलं बळ बैलाच्या वाट्याला आलंच नाही, ते जास्तीच्या उसात गेलं. आणि चाकाची मालकीही हलली. लाकडी चाक महाग असलं तरी मजुराचं स्वतःचं होतं. ते गावातच दुरुस्त व्हायचं आणि हंगाम संपला की गाडी घरच्या कामाला यायची. टायरगाडी हंगाम संपल्यावर कारखान्यात परत करायची असते, आणि तिचं भाडं मजुरीतून कापलं जातं. सुताराचं आणि लोहाराचं कामही तिच्याबरोबर गेलं.

टायर वाईट होता, असा याचा अर्थ नाही. रुतलेल्या लोखंडी चाकाशी झुंजणारे बैल ज्यांनी पाहिलेत, ते तसं म्हणणारही नाहीत. पण टेंभुर्णीची गाडी असो की कारखान्याची, प्रत्येक नवं चाक कुणाच्या तरी हिशोबातून आलं आणि त्या हिशोबात बैल आणि गाडीवान शेवटी होते. आता ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जाऊ लागलाय आणि तोडणीची यंत्रंही आली आहेत. चाक पुन्हा बदलतंय. या वेळी तरी वाचलेलं बळ कुणाच्या पदरात पडतंय, हे आधी विचारायला हवं.